परिचयपत्रात नसलेली नावे

गेल्या हिवाळ्यात सांगलीच्या वखारभागातील आमच्या मंडळाने गल्लीतल्याच एका मुलीचा सत्कार केला. तिला मुलगी म्हणायचे ते आता केवळ सवयीने. वयाने ती चाळिशीला टेकली आहे आणि सिंगापूरमध्ये आंतरराष्ट्रीय लवादाची, म्हणजे कोर्टाबाहेर नेमलेल्या पंचांपुढे चालणाऱ्या वादांची, वकिली करते. निवेदन नेहमीप्रमाणे माझ्याकडे होते. तिच्या कचेरीने पाठवलेल्या एका पानाच्या इंग्रजी माहितीवरून मी मराठी परिचय तयार केला आणि वाचला. जिनिव्हा, पॅरिस, सिंगापूर अशी नावे आली तिथे टाळ्या पडल्या, शाल-श्रीफळ झाले, नारळ कोणी धरायचा याचा नेहमीचा गोंधळही झाला. कार्यक्रमानंतर उपीट आणि चहा घेताना आमच्या जिल्हा न्यायालयात उभी हयात घालवलेले एक वयोवृद्ध वकीलसाहेब माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “वाचन झकास झालं तुमचं, पण एक सांगा, या बाईंनी लढवलेल्या एकाही दाव्याचं नाव त्यात नव्हतं. पक्षकार कोण, निकाल काय, काहीच नाही. मग वकिली केली ती कशाची?” त्यांच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता, खरोखरीचे कुतूहल होते, आणि म्हणूनच तो प्रश्न माझ्या मनातून जाईना.

वकिलांचे परिचय मी पुष्कळ वाचले आहेत. आमच्याकडे वकिलाची ओळख त्याच्या पदवीवरून होत नाही, दाव्यांवरून होते. अमक्या साखर कारखान्याच्या निवडणुकीचा दावा यांनी चालवला, तमक्या खुनाच्या खटल्यात यांच्या उलटतपासणीने साक्षीदार गळपटला, कूळकायद्याचे ते गाजलेले प्रकरण यांनी हायकोर्टापर्यंत नेले, असे सांगितले की सभागृहातल्या माना आपोआप डोलतात, कारण त्या दाव्यातला कोणी ना कोणी समोर बसलेला असतो. हिच्या पानावर याच्या नेमके उलट होते. पदव्या सगळ्या नावानिशी होत्या; कामे मात्र ‘पूर्व आफ्रिकेतील एका वीजप्रकल्पाच्या वादात कंत्राटदाराची बाजू’, ‘आग्नेय आशियातील एका बंदराच्या बांधकामातील विलंबाचा वाद’ अशी, दिशा सांगून गाव न सांगणारी. वाचताना मलाही ते पान हाताला लागत नव्हते.

तिचे शिक्षण सांगायला सोपे आहे, म्हणून आधी तेच सांगतो. बारावीनंतर पुण्यात पाच वर्षांचा बी.ए. एलएल.बी.चा अभ्यासक्रम, मग मुंबईत एका मोठ्या वकिली कचेरीत काही वर्षे, मग जिनिव्हात आंतरराष्ट्रीय तंटानिवारणाची एक वर्षाची पदव्युत्तर पदवी. तिच्या वडिलांचे मार्केट यार्डात हळदीचे अडत दुकान आहे. त्यामुळे सत्काराच्या भाषणात एका वक्त्याने, व्यापाराचे बाळकडू तिला अडतीच्या गादीवरच मिळाले, असे ठासून सांगितले. नंतर ती हसत म्हणाली, “काका, मला त्या दुकानात कोणी पाच मिनिटंसुद्धा बसू दिलं नाही. भाऊ बसायचा.” जिनिव्हाच्या शुल्कासाठी वडिलांनी गुदाम तारण ठेवले, ही गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती कोणत्याही परिचयात येत नाही.

ती या वाटेला लागली ती एका स्पर्धेमुळे. व्हिएन्नात दरवर्षी ईस्टरच्या आधी विलेम व्हिस यांच्या नावाची आंतरराष्ट्रीय लवादाची अभिरूप स्पर्धा होते. जगभरातील तीनशेहून अधिक विधी महाविद्यालयांचे संघ तिथे येतात. ऑक्टोबरात एक काल्पनिक वाद जाहीर होतो. डिसेंबरात वादीच्या बाजूने लेखी कैफियत द्यायची, जानेवारीत त्याच वादात प्रतिवादीच्या बाजूने, आणि वसंतात समोरासमोर बोलायचे. सगळा वाद मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीसंबंधीच्या १९८० च्या करारावर चालतो, आणि गंमत अशी की भारत आजतागायत त्या करारात सामील झालेला नाही. म्हणजे पुण्याच्या वसतिगृहात रात्र-रात्र जागून ही मुले जो कायदा कलमानिशी पाठ करत होती, तो त्यांच्या देशाला लागूच नव्हता. त्यांचा संघ पहिल्या बाद फेरीतच बाहेर पडला. पण एकच वाद चार महिन्यांत दोन्ही बाजूंनी मनापासून मांडायला लागल्यावर डोक्यात काहीतरी फिरते, असे ती सांगते. वादीची कैफियत लिहिताना जे पत्र तिला निर्णायक वाटले होते, तेच प्रतिवादीसाठी लिहिताना तिने तीन ओळींत निकामी केले होते.

त्याच सुमारास तिने वाचलेला पहिला खरा निवाडा म्हणजे व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीचा. पिपरवारच्या कोळसा खाणीच्या कामावरून या कंपनीचा कोल इंडियाशी वाद झाला आणि २००२ साली लवादाचा निवाडा कंपनीच्या बाजूने लागला. कोल इंडियाने तो रद्द करण्यासाठी कोलकात्यात अर्ज केला, कंपनीने तो अंमलात आणण्यासाठी दिल्लीत केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे पडून राहिले. शेवटी कंपनीने भारत सरकारलाच दोन देशांमधील गुंतवणूक कराराखाली दुसऱ्या लवादापुढे खेचले, आणि २०११ साली त्या लवादाने ठरवले की इतका विलंब लावून भारताने कंपनीला दाद मागण्याचे परिणामकारक साधन नाकारले. त्यातली मेख अशी, की ‘परिणामकारक साधना’ची हमी ऑस्ट्रेलियाशी केलेल्या करारात नव्हतीच, ती भारताने कुवेतशी केलेल्या करारात होती आणि सर्वाधिक पसंतीच्या राष्ट्राच्या कलमाचा, म्हणजे तिसऱ्या देशाला दिलेली अधिक चांगली वागणूक आपल्यालाही मिळावी या कलमाचा, हात धरून ती इकडे आणली गेली. आमच्या वकीलसाहेबांना मी हे नंतर सांगितले तेव्हा ते बराच वेळ हसले. “तारीख पे तारीख केल्याबद्दल सरकारला दंड! आमच्या कोर्टात हा नियम लावला तर जिल्हा विकावा लागेल.” पुढे व्होडाफोन आणि केर्न या कंपन्यांचे पूर्वलक्षी कराबाबतचे निवाडे २०२० साली भारताच्या विरोधात गेले, तेव्हा ते आमच्याकडच्या वर्तमानपत्रांतही पहिल्या पानावर होते. सरकार स्वतः पक्षकार असते तिथे अशी नावे बाहेर येतात. दोन कंपन्यांच्या वादात मात्र दारे बंद असतात, आणि तिचे बहुतेक आयुष्य त्या बंद दारांच्या आत गेले आहे.

वकीलसाहेबांच्या प्रश्नाचे सोपे उत्तर तेवढेच आहे: कामे गोपनीय असतात. पण ते उत्तर मला पुरले नाही.

सत्कारानंतर ती काही दिवस घरीच होती. एका संध्याकाळी मी गेलो तेव्हा ती माजघरात खाली बसून लॅपटॉपवर काम करत होती, शेजारी सुपात निवडायला काढलेल्या हळकुंडांचा वास दरवळत होता. चालू प्रकरणाचा एक शब्दही ती दाखवणार नव्हती; तिने कनिष्ठांना शिकवण्यासाठी केलेला एक कोरा नमुना दाखवला. रेडफर्न या इंग्रज वकिलाच्या नावाने ओळखला जाणारा हा तक्ता. पहिल्या रकान्यात समोरच्या पक्षाकडून कोणता कागद हवा ते, दुसऱ्यात तो का हवा, तिसऱ्यात समोरच्याची हरकत आणि चौथ्यात लवादाचा हुकूम. नमुन्यातली एक ओळ मला आठवते. ‘यारीच्या (क्रेनच्या) दुरुस्तीची नोंदवही, मार्च ते जुलै.’ कारण: ‘यारी बंद होती की माणसे नव्हती, हे ठरवण्यासाठी.’ हरकत: ‘मागणी अवाजवी व्यापक आहे.’ हुकूम: ‘फक्त एप्रिलच्या नोंदी द्याव्यात.’ अशा ओळी एकेका प्रकरणात शेकड्यांनी असतात, आणि तिच्या उमेदीची पहिली कित्येक वर्षे हे रकाने भरण्यात गेली. एप्रिलच्या नोंदी मिळवण्यासाठी पाच महिने मागावे लागतात, आणि मेच्या नोंदी हव्या असतील तर त्या का हव्यात हे निराळे लिहावे लागते, एवढे शहाणपण यायलाच दोन वर्षे लागली, असे ती म्हणाली.

सुनावणीची तिने सांगितलेली रीतही मला विलक्षण वाटली. सिंगापुरात जुन्या कस्टम हाउसच्या इमारतीत मॅक्सवेल चेंबर्स नावाची जागा आहे, तिथे दालने भाड्याने मिळतात. दोन्ही बाजूंना ठरावीक तास वाटून दिलेले असतात आणि बुद्धिबळाच्या घड्याळाप्रमाणे ते मोजले जातात. उलटतपासणी घेणाऱ्याच्या खात्यातले मिनिट साक्षीदाराच्या लांबण लावण्यानेही संपते, त्यामुळे प्रश्न असा विचारावा लागतो की उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ यापलीकडे जाऊच नये. बोललेला प्रत्येक शब्द त्याच क्षणी समोरच्या पडद्यावर टंकून येतो. तिथे उभे राहायला त्या देशाची सनद लागत नाही. आपली भारतीय सनद घेऊन ती सिंगापुरात आणि लंडनमध्ये लवादापुढे बोलते. तिकडचे वकीलही आपल्याकडे आंतरराष्ट्रीय लवादासाठी येऊन-जाऊन काम करू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केले. न्यायालयाच्या दाराशी असलेला सनदेचा उंबरा या धंद्यात नाही. मग माणूस आत येतो कसा आणि टिकतो कसा, हा प्रश्न उरतो, आणि त्या एका पानाचे महत्त्व तिथे सुरू होते.

कोर्टात न्यायाधीश समोर येतो तो आपल्याला मिळतो. त्याने शिक्षण कुठे घेतले, पूर्वी कोणाची वकिली केली, हे विचारण्याची सोय नसते. लवादात न्यायाधीश निवडावा लागतो. साधारणपणे एक लवाद वादी नेमतो, एक प्रतिवादी आणि तिसरा अध्यक्ष ते दोघे मिळून किंवा लवाद चालवणारी संस्था ठरवते. ही निवड होते ती माणसांचे बायोडेटा टेबलावर पसरून. ती स्वतः कनिष्ठ असताना रात्री उशिरापर्यंत अशी पाने चाळत बसे: याने बांधकामाचे किती वाद पाहिले, याला अरबी देशांतला कायदा येतो का, याने सात वर्षांपूर्वीच्या लेखात विलंबाच्या दंडाबद्दल काय मत दिले होते, हा सुनावणीत साक्षीदारांना बोलू देतो की तोडतो. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाचे लवाद न्यायालय १९२३ पासून आहे. तिथल्या सचिवालयात तिने काही काळ काम केले, आणि निवाड्याचा मसुदा पक्षकारांच्या हाती पडण्यापूर्वी तो कलमाकलमाने तपासला जातो तेव्हा कोणता लवाद नीट लिहितो आणि कोणता दुसऱ्याकडून लिहवून घेतो, हे तिला तिथे कळले. असली माहिती कोणत्याही पुस्तकात नसते, आणि तीच तिची खरी पुंजी आहे. म्हणून त्या पानावर ‘सचिवालयात काम’ हा जो उल्लेख मला किरकोळ वाटला होता, त्यावर जाणकाराची नजर सर्वांत आधी जाते.

या व्यवहारात एक दुसरी बाजूही आहे, आणि ती मला मनापासून आवडली. नेमणूक स्वीकारण्यापूर्वी लवादाला आपले सगळे संबंध उघड करावे लागतात. आंतरराष्ट्रीय वकील संघटनेने २००४ मध्ये त्यासाठी सूत्रे काढली, ती पुढे सुधारली गेली. त्यांत लाल, नारिंगी आणि हिरवी अशा याद्या आहेत. पक्षकार कंपनीत स्वतःचे मोठे भाग असतील तर लाल, त्याच पक्षाने अलीकडच्या वर्षांत वारंवार नेमले असेल तर नारिंगी, दोघे एकाच परिसंवादात बोलले एवढेच असेल तर हिरवी. मी तिला म्हटले, हा नियम सांगलीत लावला तर एकही माणूस लवाद होऊ शकणार नाही; आपल्याकडे समोरचा माणूस एक तर पाहुणा निघतो, नाही तर वर्गमित्राचा साडू. त्यावर ती म्हणाली की तिच्या धंद्याचे गावही फार मोठे नाही. तीच माणसे आज वकील, उद्या लवाद आणि परवा तज्ज्ञ साक्षीदार म्हणून भेटतात. एकदा नेमणूक झालेल्यालाच पुन्हा नेमणूक मिळते. स्त्रियांना तर पहिली नेमणूकच मिळेना, म्हणून २०१६ साली समान प्रतिनिधित्वाची जाहीर प्रतिज्ञा काढावी लागली. तिने तीवर सही केली आहे आणि तिला तिचा थोडा संकोचही वाटतो. आपण निवडले गेलो ते कशामुळे, ही शंका मग प्रत्येक पत्राबरोबर येते.

निवाडा देणारा माणूस आपण निवडायचा, ही कल्पना आपल्या मातीला नवी नाही. मराठेशाहीत गोतसभेपुढे, म्हणजे वतनदार आणि गावकऱ्यांच्या न्यायसभेपुढे, वाद जाई तेव्हा निर्णय मान्य करू असा राजीनामा, म्हणजे संमतीचा कागद, दोन्ही पक्षांकडून आधीच लिहून घेत, जामीन घेत, आणि मगच निवाडपत्र होई. गावातले लोक फितले आहेत अशी शंका असेल तर वाद दुसऱ्या ठिकाणी नेण्याची मागणी करता येत असे. १९५८ च्या न्यूयॉर्क कराराने, ज्यावर भारताने पहिल्याच दिवशी, १० जूनला, सही केली, एका देशातला निवाडा दुसऱ्या देशात वसूल होण्याची सोय केली. आज १७० हून अधिक देश त्यात आहेत. त्या जामिनाच्या कागदाचे काम आता हा करार करतो.

आणि तरीही आमच्या जिल्ह्यात लवाद म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर जे येते, त्यात निवडीचा भाग जवळजवळ नसतो. कृष्णेच्या पाण्याचा लवाद सगळ्यांना ठाऊक आहे. १९६९ साली नेमलेल्या बच्छावत लवादाचा निर्णय १९७३ ला आला आणि त्यातल्या टीएमसीचे आकडे इथल्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहेत, पण तो राज्याराज्यांतला मामला. महामार्गात जमीन गेलेल्या माणसाला लवाद म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीतली एक खोली: मोबदला कमी वाटला तर केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे अर्ज करायचा, आणि तो लवाद बहुधा महसुली अधिकारीच असतो. जमीन घेणारे सरकार, दर ठरवणारा अधिकारी सरकारचा, तक्रार ऐकणाराही सरकारनेच नेमलेला. तिसरा प्रकार कर्जाच्या कागदातला. ट्रॅक्टर किंवा टेम्पोसाठी खासगी वित्तकंपनीचे कर्ज घेताना जिथे फुली मारली असेल तिथे सह्या करतात. त्या कागदांच्या गठ्ठ्यात लवादाचे कलम असते आणि हप्ते थकले की दूरच्या शहरातून इंग्रजी नोटीस येते.

अशीच एक नोटीस त्याच आठवड्यात आमच्या ओळखीचा, मिरज तालुक्यातला एक शेतकरी तिच्याकडे घेऊन आला. ‘परदेशात लवादाचे काम करणारी ताई आली आहे’ एवढेच त्याने ऐकले होते. तिने चहा संपायच्या आत ती वाचली. कंपनीने आपल्या कलमाप्रमाणे आपणच एकट्याने लवाद नेमला होता, सुनावणी हजारभर किलोमीटर दूर ठेवली होती. तिने त्याला सांगितले की ज्याला निकालात हितसंबंध आहे त्याने एकट्याने एकमेव लवाद नेमू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ सालीच स्पष्ट केले आहे. आपली हरकत लवाद कायद्याच्या कलम १२(५) चा उल्लेख करून लवादाला आणि कंपनीला रजिस्टर पोस्टाने कळवा, आणि मुख्य म्हणजे ‘हा लवाद आम्हास मान्य आहे’ असा कागद पुढे केला तर त्यावर सही करू नका, कारण वाद उभा राहिल्यावर लेखी संमती दिली की ही हरकत संपते. “कर्ज फेडायचंच आहे, दादा. ते यातून सुटत नाही. पण कोणापुढं उभं राहायचं, ते त्यांनी एकट्यानं नाही ठरवायचं.” त्याने ते नीट ऐकून घेतले आणि विचारले, “ताई, तुमच्याकडं असला माणूस कसा ठरवत्यात?” तिने लॅपटॉप उघडून कोणा एका लवादाचा सार्वजनिक असलेला सहा पानी बायोडेटा त्याला दाखवला. त्याने तो दोन्ही हातांनी जवळ ओढून, वाचता येत नसतानाही, खालपर्यंत सरकवून पाहिले.

वकीलसाहेबांना मी हे सगळे पुढे त्यांच्या घरी जाऊन सांगितले. गोपनीयतेचे उत्तर त्यांना मुळीच रुचले नाही. न्याय उघड्यावरच व्हायला हवा, निकालपत्र कोणालाही वाचता यायला हवे, नाही तर पुढच्या वकिलाने शिकायचे कशावरून, हा त्यांचा मुद्दा, आणि तो मला अजूनही पटतो. पण त्या शेतकऱ्याची हरकत मराठीत आणि इंग्रजीत त्यांनीच स्वतःच्या हाताने लिहून दिली, फी न घेता. कंपनीचे उत्तर उन्हाळ्यात आले. पहिल्या लवादाने काम सोडले होते आणि आता दुसऱ्या एका संस्थेच्या यादीतून नवा लवाद नेमल्याचे कळवले होते. त्या पत्रात या नव्या लवादाचे नाव आणि पत्ता होता, बाकी काही नव्हते. त्या संस्थेचा कंपनीशी काय संबंध, यादी कोणी केली आणि या गृहस्थांनी याच कंपनीची याआधी किती प्रकरणे ऐकली, असे तीन प्रश्न वकीलसाहेबांनी लगेच लिहून काढले आहेत. पत्र उद्याच्या टपालाने जाईल.